दाढ काढण्याआधीची भूल: एका दंतचिकित्सालयातील सेवेचे परीक्षण

दाढ काढण्याच्या सेवेविषयी लोक बोलतात तेव्हा बहुधा दाढ किती लवकर निघाली, मूळ तुटून आत राहिले की सगळी दाढ एकदम बाहेर आली, एवढ्यावरच बोलतात. माझ्या मते त्या सेवेची परीक्षा चिमटा हातात घेण्यापूर्वीच होऊन गेलेली असते. भुलीची सुई नेमकी कुठे टोचली, औषध किती सावकाश सोडले आणि दात बधिर झाला की नाही हे तपासून पाहिले की नुसते गृहीत धरले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. म्हणून हे परीक्षण भुलीपुरतेच आहे. एकाच दवाखान्यात आणि एकाच डॉक्टरांकडून मी आधी वरच्या जबड्यातली व काही महिन्यांनी खालच्या जबड्यातली दाढ काढून घेतली, आणि दोन्ही वेळच्या भुलीत इतका फरक होता की दोन निराळ्या सेवा घेतल्यासारखे वाटले. दवाखान्याचे नाव मी देत नाही, कारण पुढे काही तक्रारीही आहेत. शिवाय जे लिहितो आहे ते कोणत्याही दवाखान्यात खुर्चीवर बसण्याआधी माहीत असलेले बरे.

आधीची चौकशी बरी होती, उत्तम नव्हती. स्वागतकक्षातल्या छापील अर्जावर रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, रक्त पातळ करणारी औषधे, औषधांची अ‍ॅलर्जी आणि पूर्वी भूल दिल्यावर काही त्रास झाला होता का, एवढे सगळे विचारलेले होते, परंतु तो अर्ज घाईघाईने भरून घेतला गेला. डॉक्टरांनी मात्र खुर्चीवर बसल्यावर तेच प्रश्न पुन्हा विचारले आणि रक्तदाबाची नेहमीची गोळी घेतली आहे ना, काही खाऊन आलात ना, याची खात्री करून घेतली. दाताच्या भुलीच्या औषधात बहुतेक वेळा अ‍ॅड्रेनलीन मिसळलेले असते, त्यामुळे हे प्रश्न केवळ औपचारिकता म्हणून विचारायचे नसतात. अ‍ॅड्रेनलीनने त्या जागेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, औषध रक्तात लवकर वाहून जात नाही, भूल जास्त वेळ टिकते आणि रक्तस्रावही कमी होतो; परंतु हृदयविकाराच्या रुग्णाला किती अ‍ॅड्रेनलीन द्यायचे, याला मर्यादा पाळावी लागते. सुई टोचल्यानंतर मिनिटभर छातीत धडधडते, तेही पुष्कळदा त्यामुळेच. रुग्ण त्याला औषधाची अ‍ॅलर्जी समजून पुढे आयुष्यभर तसे सांगत राहतात, म्हणून ते आधीच समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांचे मला कौतुक वाटले.

वरच्या दाढेची भूल ही या सेवेतली सोपी बाजू आहे. वरच्या जबड्याचे गालाकडचे हाड पातळ आणि सच्छिद्र असते, त्यामुळे औषध संवेदना वाहून नेणाऱ्या मुख्य नसेपर्यंत (मज्जातंतूपर्यंत) नेऊन पोहोचवावे लागत नाही. ज्या दाढेला काढायचे तिच्या मुळाच्या टोकाजवळ, म्हणजे गाल आणि हिरडी जिथे एकमेकांना मिळतात त्या खोबणीत, ते सोडले की हाडातून झिरपत मुळापर्यंत जाते. डॉक्टरांनी आधी ती जागा कापसाने कोरडी केली, बधिर करणारे जेल लावले आणि ते लावून लगेच सुई न उचलता मिनिटभराहून अधिक थांबल्या. जेल वरवरच्या काही मिलिमीटरपर्यंतच काम करते, पण त्यालाही वेळ द्यावा लागतो. जेल लावल्याबरोबर सुई टोचणे म्हणजे जेल न लावण्यासारखेच आहे, आणि असे करणारे दवाखाने मी पाहिलेले आहेत. मग त्यांनी माझा ओठ डाव्या हाताने बाहेर ओढून ताणून धरला. त्वचा सैल असली की सुई अडखळते आणि दुखते, ताणलेली असली की सहज आत जाते. सुई शिरल्याचे मला खरोखरच कळले नाही. औषध आत जाताना थोडी चुणचुण झाली. ती अ‍ॅड्रेनलीनयुक्त द्रावण आम्लधर्मी असते त्यामुळे होते, आणि औषध जितके सावकाश सोडावे तितकी ती कमी जाणवते. मिनिटाला साधारण 1 मिलिलिटर हा वेग योग्य समजला जातो. डॉक्टरांनी तो पाळला असावा, कारण सिरिंज तोंडात बराच वेळ होती आणि त्या सगळ्या वेळात त्यांचा हात जराही हलला नाही.

गालाकडून दिलेल्या या इंजेक्शनने दाढेची मुळे आणि बाहेरची हिरडी बधिर होते, टाळूकडची हिरडी मात्र होत नाही. तिची नस निराळी असते. दाढ भरायची असेल तर तेवढ्याने भागते, परंतु काढायची असेल तर चिमट्याचे दुसरे टोक टाळूच्या बाजूने हिरडीत शिरते, म्हणून तिथेही सुई टोचावी लागते. सबंध प्रकरणातले सर्वांत दुखरे इंजेक्शन हेच. टाळूची कातडी खालच्या हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने औषधाला पसरायला जागाच नसते, आणि थोडेसे औषध आत जातानाही जबर दाब जाणवतो. दाढांच्या बाबतीत ही सुई टाळूच्या मागच्या भागात, शेवटच्या दाढांच्या आतल्या बाजूला, हिरडीच्या कडेपासून थोडी वर दिली जाते; पुढच्या पटाशीच्या दातांसाठी मधल्या दोन दातांच्या अगदी मागे, जिथे जिभेला एक छोटा उंचवटा लागतो, तिथे दिली जाते, आणि ती तर आणखीच झोंबते. डॉक्टरांनी सुई टोचण्याआधी टाळूच्या त्या जागेवर कापसाच्या काडीने जोरात दाबून धरले, जागा पांढुरकी पडेपर्यंत दाबले, आणि काडी तशीच ठेवून तिच्या कडेला सुई टोचली. त्या दाबामुळे दुखणे निम्म्यावर आले असावे, पण नाहीसे झाले नाही, डोळ्यांत पाणी आलेच. औषध मोजून थेंबभर, म्हणजे अर्ध्या मिलिलिटरपेक्षाही कमी होते. जे दंतवैद्य टाळूच्या सुईला “काही कळणार नाही” असे म्हणतात त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. या डॉक्टर म्हणाल्या, “हे दुखेल, पण दहा मोजेपर्यंत,” आणि ते खरे निघाले.

खालच्या दाढेची गोष्ट पूर्णपणे वेगळी. मोठ्या माणसाच्या खालच्या जबड्याचे दाढांजवळचे हाड इतके जाड आणि घट्ट असते की दाढेच्या शेजारी लिग्नोकेन हे भुलीचे नेहमीचे औषध सोडले तर ते आत पुरेसे झिरपत नाही. त्यामुळे दाढेजवळ न टोचता, तिला संवेदना पुरवणारी नस जबड्यात शिरते त्या जागी औषध न्यावे लागते. ही जागा तोंडाच्या पार मागे, जबड्याच्या उभ्या हाडाच्या आतल्या बाजूला असते. तिथे एक छिद्र आहे, त्यातून नस आत शिरते आणि पुढे त्या बाजूच्या सगळ्या खालच्या दातांना फाटे देत हनुवटीपर्यंत जाते. डॉक्टर याला नुसते “ब्लॉक” म्हणतात. रुग्णाला वाटते की दाढ इथे दुखते आणि डॉक्टर तिकडे घशाजवळ कुठे टोचत आहेत. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी तर तसे विचारलेही.

तोंड पूर्ण उघडायला सांगून डॉक्टरांनी अंगठा गालाच्या आत घातला आणि खालच्या दाढांच्या मागे जबड्याचे हाड जिथे वर चढते तिथली खोलगट कड चाचपून अंगठा तिथेच टेकवून ठेवला. त्या कडेच्या आतल्या बाजूला, तोंड उघडल्यावर ताणली जाणारी एक उभी घडी असते. अंगठा आणि ती घडी यांच्या मधोमध, खालच्या दाढांच्या माथ्यापासून साधारण 1 सेंटिमीटर उंचीवर सुई टोचली गेली. सिरिंज मात्र त्या बाजूने न येता तोंडाच्या दुसऱ्या बाजूच्या उपदाढांवरून तिरकी आली होती. सुई लांब असते आणि मोठ्या माणसात ती 20 ते 25 मिलिमीटर आत जाऊन हाडाला टेकते; टेकली की किंचित मागे घेतात. त्यानंतर डॉक्टरांनी दट्ट्या जरा मागे ओढून सिरिंजमध्ये रक्त येते का ते पाहिले. या जागी नसेच्या अगदी शेजारून रक्तवाहिन्या जातात आणि औषध चुकून थेट रक्तात गेले तर भूल तर चढत नाहीच, वर धडधड आणि चक्कर यांचा त्रास होतो. ही तपासणी करायला काही क्षण पुरतात, तरी घाईत ती सोडून दिली जाते. पुढच्या वेळी खुर्चीवर असताना तुम्हाला ती दिसणार नाही हे खरे, परंतु विचारता येते, आणि चांगल्या डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

औषध सोडत असताना जिभेच्या कडेला विजेचा झटका बसल्यासारखे झाले. सुई जिभेच्या नसेजवळून गेल्याची ती खूण. डॉक्टरांनी लगेच हात थांबवून सुई थोडी मागे घेतली आणि मगच उरलेले औषध दिले. त्यांनी आधीच बजावले होते की काही झाले तरी मान हलवायची नाही, डावा हात वर करायचा, आणि ही सूचना मला या सेवेतील सर्वांत उपयोगाची वाटली. सुई बाहेर काढता काढता थोडे औषध वाटेत सोडले जाते, त्याने जिभेची नस बधिर होते आणि जिभेकडची हिरडीही.

नंतरचा वेळ खऱ्या अर्थाने सेवेचा दर्जा दाखवणारा होता. वरच्या दाढेला दोन-तीन मिनिटांत भूल चढली होती, ब्लॉकला मात्र पाच मिनिटे आणि कधी कधी त्याहून अधिक लागतात. या वेळात डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे निघून गेल्या नाहीत. “ओठ जड झाला का? अर्धाच झाला का?” असे त्या मधून मधून विचारत राहिल्या. खालचा ओठ बरोबर मध्यरेषेपर्यंत सुन्न होणे ही ब्लॉक लागल्याची पहिली खूण असते, पण ती एकटी पुरेशी नसते. त्यांनी टोकदार उपकरणाने दाढेभोवतीची हिरडी आधी जिभेच्या बाजूने आणि मग गालाच्या बाजूने टोचून पाहिली. जिभेकडे काही कळले नाही. गालाकडे चांगले टोचले. कारण सरळ आहे: खालच्या दाढांच्या गालाकडच्या हिरडीला तिसरीच नस जाते आणि ब्लॉकने ती बधिर होत नाही. शेवटच्या दाढेच्या मागे, गालाच्या आतल्या बाजूला अगदी वरवर एक छोटी सुई टोचली की ते काम होते. ही सुई विसरणारे, किंवा रुग्ण ओरडला तरच देणारे दंतवैद्य काही थोडे नाहीत. पूर्वी एका वेगळ्या दवाखान्यात ओठ जड झाल्याचे ऐकताच थेट चिमटा लावला गेला होता आणि मी कळवळलो तेव्हा “हा नुसता दाब आहे” असे उत्तर मिळाले होते.

दाब आणि दुखणे यांतला फरक या वेळी मात्र व्यवस्थित सांगितला गेला. भुलीचे औषध वेदना वाहून नेणारे बारीक तंतू आधी बंद करते. स्पर्श आणि दाब यांची जाणीव देणारे जाड तंतू बरेचसे चालूच राहतात. त्यामुळे दाढ हलवताना जबडा ढकलला जाणे, हाडात करकर ऐकू येणे, डोके खेचले जाणे हे सगळे कळते आणि कळणारच. परंतु तीक्ष्ण कळ आली तर ती भूल अपुरी असल्याची खूण असते आणि तेव्हा थांबायलाच हवे. माझ्या बाबतीत दाढ सैल करण्याचे उपकरण मुळाशी घातल्यावर एकदा अशी कळ आली. मी हात वर केला, उपकरण बाहेर निघाले. डॉक्टरांनी दाढ आणि हाड यांच्या मधल्या फटीत, हिरडीच्या कडेतून बारीक सुई घालून दर मुळाशी जेमतेम दोन-चार थेंब औषध दाबाने सोडले. ही सुई दाढेला हाडाशी धरून ठेवणाऱ्या तंतूंत जाते आणि अर्ध्या मिनिटात परिणाम करते. ते दाबणे जड होते, पण त्यानंतर दाढ निघेपर्यंत काहीही दुखले नाही. जबड्यातल्या नसांची ठेवण माणसागणिक थोडी बदलत असल्याने खालचा ब्लॉक पहिल्या वेळी पूर्ण न लागणे ही नित्याची बाब आहे. म्हणून दुसरी सुई द्यावी लागली याबद्दल मी डॉक्टरांचे गुण कापत नाही. ती वेळेवर दिली याबद्दल वाढवतो.

दाढ सुजलेली असेल तर हे सगळे गणित बदलते. पू झालेल्या जागेतील ऊती आम्लधर्मी होतात, आणि अशा जागी औषधाचा जो अंश नसेच्या आवरणातून आत शिरू शकतो तो फारच कमी उरतो. म्हणून सुजेत दिलेली भूल चढत नाही. शिवाय सुजेतून सुई घातली तर संसर्ग आणखी आत पसरण्याची भीती असते, त्यामुळे सुजेपासून दूर, निरोगी जागी ब्लॉक देतात, किंवा आधी पू काढून वाट पाहतात. माझ्या वरच्या दाढेला आधी सूज होती. दवाखान्याने एक्स-रे काढला, सूज उतरल्यावर यायला सांगितले, आणि मला तेव्हा ते टाळाटाळ केल्यासारखे वाटले तरी त्यांचे म्हणणे बरोबर होते.

बाकीच्या दातांसाठी जागा कोणत्या, हे मी कुतूहल म्हणून विचारले आणि न कंटाळता उत्तर मिळाले. खालच्या पुढच्या दातांचे हाड मागच्यापेक्षा पातळ असल्याने तिथे दाताजवळची सुई किंवा उपदाढांच्या मुळांजवळ, जिथून नस हाडातून बाहेर येऊन ओठाकडे जाते तिथली सुई उपयोगी पडते. वरच्या अक्कलदाढेसाठी सुई गालाच्या मागच्या टोकाला, जबड्याच्या उंचवट्यामागे जाते. ज्यांचे तोंडच उघडत नाही त्यांच्यासाठी दात मिटलेले असतानाच गालाच्या आतून वरच्या हिरडीच्या उंचीवर सुई सरळ मागे नेण्याची अकिनोसी यांची पद्धत 1977 पासून वापरात आहे. आर्टिकेन नावाचे औषध हाडातून लिग्नोकेनपेक्षा अधिक चांगले झिरपते, म्हणून काही दंतवैद्य खालच्या दाढेशेजारी त्याची जादा सुई देतात. या दवाखान्यात ते नव्हते.

वापरले गेले ते 2 टक्के लिग्नोकेन, अ‍ॅड्रेनलीनचे प्रमाण 80,000 भागांत 1. लिग्नोकेन स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी 1943 मध्ये तयार केले. त्याआधी विसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रोकेन होते, आणि त्याही आधी कोकेन. खालच्या जबड्याची नस बधिर करण्याचा प्रयोग अमेरिकी शल्यचिकित्सक विल्यम हॉलस्टेड यांनी 1884 च्या सुमारास कोकेन वापरूनच केला होता आणि स्वतःवर असे प्रयोग करता करता त्यांना त्याचे व्यसन जडले. आज खुर्चीवर बसणाऱ्याला औषधाच्या बाबतीत काळजीचे फारसे कारण उरलेले नाही. काळजी घ्यायची ती सुईच्या जागेची आणि वेगाची.

सुई नवी, पाकीटबंद होती आणि ते पाकीट माझ्यासमोर फोडले गेले. सिरिंज माझ्या डोळ्यांसमोरून न नेता हनुवटीखालून हातात दिली जात होती. घाबरणाऱ्यांसाठी हे लहानसे कौशल्यही मोलाचे आहे. खुर्ची दोन्ही वेळा मागे कललेली होती, त्यामुळे घेरी येण्याची शक्यता कमी होते.

आता तक्रारी. दाढ निघाल्यानंतर दिलेल्या छापील कागदावर बोळा किती वेळ चावून धरायचा, चूळ कधी भरायची, कोणती गोळी कधी घ्यायची हे सगळे होते, पण बधिरपणाविषयी एक ओळही नव्हती. वास्तविक ओठ आणि जीभ तीन ते पाच तास सुन्न राहतात. त्या काळात गरम पेय घेतले तर भाजल्याचे कळत नाही, आणि लहान मुले तर गंमत म्हणून ओठ चावत बसतात व भूल उतरल्यावर ओठ सुजून फोड येतो. मुलांच्या पालकांना हे सहायकांनी तोंडी सांगितल्याचे मी ऐकले, मोठ्यांना मात्र कोणी सांगत नाही. भूल उतरण्याआधी वेदनाशामक गोळी घेतली तर पहिली कळ बरीच सौम्य होते, हेही कागदावर हवे होते. मला ते निघताना दारात सांगितले गेले.

दुसरी तक्रार अधिक महत्त्वाची आहे. खालच्या ब्लॉकनंतर दोन दिवसांनी माझे तोंड नेहमीच्या निम्मेच उघडू लागले. सुईची वाट जबडा मिटणाऱ्या एका स्नायूच्या अगदी जवळून जाते. त्या स्नायूला सुई लागली किंवा तिथे थोडे रक्त साकळले तर तो आखडतो, आणि हा आखडलेपणा बहुधा काही दिवसांत आपोआप कमी होतो. मला हे माहीत नव्हते आणि दाढेच्या खड्ड्यात पू झाला या समजुतीने मी दवाखान्यात फोन केला. सहायकांनी “तसे होते कधी कधी” एवढेच सांगून फोन ठेवला. संध्याकाळी डॉक्टरांनी स्वतः परत फोन करून कारण समजावले, ताप आहे का, गिळताना दुखते का, सूज वाढते आहे का हे विचारून घेतले, बाहेरून कोमट शेक आणि दिवसातून अनेकदा हळूहळू तोंड उघडण्याचा व्यायाम सांगितला, आणि गिळता येईनासे झाले तर वाट न पाहता लगेच यायला सांगितले. आठवड्याभरात तोंड पूर्ववत उघडू लागले. ही माहिती ब्लॉक देण्यापूर्वीच्या संमतिपत्रावर असायला हवी होती, तिथे मात्र “इतर किरकोळ त्रास” एवढेच छापलेले आहे.